भोईरताईंची काच

पाठ सपाट असलेला मोबाइल काचेच्या टेबलावर उताणा ठेवा आणि त्याच्या एका कोपऱ्याला बोटाने हलकी टिचकी द्या. तो जरासा सरकून थांबला तर बहुधा काळजी नाही. पण तो गरकन फिरला, तर त्याची पाठ आता सपाट राहिलेली नाही. आतली बॅटरी फुगली आहे. असा मोबाइल चार्जिंगला लावू नका, उशीजवळ तर ठेवूच नका.

चोवीस वर्षं मी वेगवेगळ्या कंपन्यांत मालाचा दर्जा सांभाळायचं काम केलं. एवढ्या वर्षांत ही गोष्ट मला कुठल्याही प्रशिक्षणात कोणी सांगितली नाही. ती सांगितली वळ गावच्या कुंदा भोईर यांनी. आणि त्यांची नोकरी मी घालवली. दिवाळी अंकात माणसं आपल्या नोकरीतल्या गमती लिहितात. माझ्याकडेही त्या आहेत, पण त्या लिहायला बसलो की हात याच गोष्टीवर येऊन थांबतो. म्हणून आधी ही.

माझी शेवटची नोकरी एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत होती. मोबाइल, टॅब, स्पीकर, घड्याळं असा तिचा माल. टेमघरला माझं घर, आणि कंपनीचं गोदाम वळला. नवा माल तिथे येत नसे, यायचा तो परत आलेला. गिऱ्हाइकाला आवडला नाही, बिघडला, चुकीच्या रंगाचा गेला, बायकोशी भांडण झालं, अशा सगळ्या कारणांनी परत आलेल्या वस्तू आमच्याकडे जमत. एकदा एका मोबाइलच्या खोक्यात मोबाइलऐवजी नीट गुंडाळलेला कपड्याच्या साबणाचा अर्धा बार निघाला होता. वर चिठ्ठी होती, ‘मला हाच आला होता.’ आमच्या माणसांनी त्या साबणालाही नंबर देऊन त्याची नोंद केली. नोंदीवाचून काही पुढे जात नसे.

परत आलेल्या वस्तूची तपासणी तीन ठिकाणी होई. आधी डोळ्यांनी. मग मशीनला जोडून, म्हणजे पडदा, आवाज, कॅमेरा, चार्जिंग हे सगळं मशीन आपोआप बघे आणि हिरवा किंवा लाल दिवा दाखवी. शेवटी प्रत ठरे. चांगल्या प्रतीची वस्तू पुसून, नव्या खोक्यात घालून, कमी किमतीला पुन्हा विकायची. खराब असेल तर कारण नोंदवून बाजूला काढायची. या कारणांची एक ठरलेली यादी संगणकावर होती. त्यातलं एक निवडल्याशिवाय वस्तू बाजूला काढता येत नसे. ही यादी लक्षात ठेवा.

नव्या माणसांना पहिल्या दिवशी मी स्वतः शिकवत असे. माझं एक वाक्य ठरलेलं होतं, ‘ज्या कागदावर तारीख नाही तो कागद नाही, ती रद्दी आहे.’ माणसं कंटाळून जांभया देत. भोईरताई देत नसत. त्या शाळकरी मुलीसारख्या वहीत लिहून घेत.

त्या तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. आमचं गोदाम ज्या जागेवर उभं होतं तिथे एके काळी त्यांच्या सासऱ्यांचं भाताचं शेत होतं. जमीन विकली, पैसे आले, दिरांचे बंगले झाले. ताईंना ठेकेदारामार्फत आमच्याकडे काम मिळालं. पोटासाठीच करायला हवं अशी पाळी नव्हती, पण घरी बसायचंही नव्हतं. त्यांचं टेबल खिडकीकडून तिसरं होतं. एकदा मी विचारलं, “ताई, इथे काय होतं तुमचं?”

“आमची खाचरं व्हती. तुमचा कँटीन हाय ना, तिथं आमचा खळा,” त्या म्हणाल्या. “तवा भात पाखडायची, आता मोबाइल. काम तोच हाय साहेब. फोल येगळा काढाचा.”

काच त्यांनी घरून आणलेली होती. जुन्या शोकेसच्या फळीची, वीतभर रुंद, कडा घासलेल्या. आमची टेबलं रबराच्या चटईची होती, त्यांवर काही फिरत नसे. मशीनने हिरवा दिवा दाखवलेली प्रत्येक वस्तू ताई त्या काचेवर ठेवून टिचकी मारत. फिरली की बाजूला काढत. हे कुठून शिकल्या विचारलं तर म्हणाल्या, “भाचीचा मोबाइल टीपॉयवर असा फिरत व्हता. मंग दोन दिसांनी त्याचा पडदाच उचकटला.” बस. एकदा पाहिलेली गोष्ट त्या विसरल्या नव्हत्या.

फुगलेल्या बॅटरीसाठी यादीत कारण नव्हतं. डोळ्यांना दिसण्याइतकी फुगली तर ‘बाह्य नुकसान’ असं नोंदवता येई. जरा फुगली असेल तर डोळ्यांना दिसत नाही आणि मशीनलाही कळत नाही, कारण बॅटरी चार्ज तर होत असते. मग ताई यादीतलं शेवटचं कारण निवडत, ‘इतर’. त्यापुढे एक रिकामी चौकट येई. तिच्यात इंग्रजी अक्षरांत त्या एकच शब्द लिहीत, ‘काच’.

त्या वर्षी कंपनीचं धोरण बदललं. वरच्या लोकांनी ठरवलं की परत आलेला माल म्हणजे तोटा नव्हे, कच्चा माल आहे. जितका जास्त माल पुन्हा विकता येईल तितकं गोदाम चांगलं. हे धोरण वाईट होतं असं मी आजही म्हणणार नाही. चांगली वस्तू कचऱ्यात जाऊ नये, यात चूक काय? पण धोरण वरून खाली येताना त्याचे आकडे होतात, आणि आकड्यांना काच कळत नाही.

मुख्य कार्यालयात रोहन नावाचा तिशीतला अधिकारी हे काम बघायचा. हुशार, नम्र, मला कायम ‘कर्णिकजी’ म्हणणारा. दर सोमवारी तो पडद्यावर येई. एका सोमवारी त्याने आमच्या गोदामाचा तक्ता दाखवला.

“कर्णिकजी, आप के यहाँ ‘अन्य’ सब से ज़्यादा है. अन्य का मतलब, हमें पता ही नहीं माल क्यों रुका. और ये काच क्या है? कोई सप्लायर है क्या?”

मी हसलो आणि सांगितलं. तोही हसला. मग म्हणाला, “अच्छी बात है, पर ये नापा कैसे जाएगा? एक औरत की उँगली पे तो प्रोसेस नहीं चलता.”

त्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. दर्जाच्या कामात ज्याचं मोजमाप नाही ते खरं धरत नाहीत. मी एक मेल लिहून ‘बॅटरी फुगल्याचा संशय’ असं नवं कारण यादीत घालावं, अशी विनंती केली. उत्तर आलं की मोजण्याचं साधन ठरल्यावर पुढच्या आवृत्तीत बघू. मी पुन्हा मेल लिहिला नाही. पुन्हा लिहायला हवा होता, हे मला त्या दिवशीही कळत होतं. पण सगळ्या गोदामांच्या तक्त्यात आमचं नाव तळाला होतं, आणि बढती तोंडावर होती.

मी काय केलं ते सरळ सांगतो. आमच्या गोदामापुरतं ‘इतर’ हे कारण यादीतून काढून टाकलं. तेवढा अधिकार मला होता.

आठवड्याभरात बाहेरची तपासणी होती. टेबलावर कंपनीने न दिलेली एकही वस्तू नको, असा नियम. आदल्या सकाळी मी ताईंच्या टेबलापाशी गेलो. बरोबर शिफ्टचा सुपरवायझर इम्रान होता. त्याचे वडील शेलार गावी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जन्मभर काम केलेले. मी काच उचलली.

“कुठं नेताय साहेब?”

“माझ्या केबिनमध्ये ठेवतो. तपासणीत दिसायला नको.”

“आनि ह्ये?” त्यांनी बाजूच्या ट्रेकडे बोट दाखवलं. त्यात पाच-सहा मोबाइल आणि दोन टॅब होते. “हे सगले फिरतात. ‘इतर’ दिसतच न्हाय आता. काय लिवू?”

“मशीन काय म्हणतं?”

“मशीन पास म्हणतंय.”

“मशीन पास म्हणत असेल तर पास.”

त्या सावकाश म्हणाल्या, “तुमी सांगताय म्हनून करते, साहेब. मना पटत न्हाय. तुमच्या वहीत लिवा, कुंदानं सांगितला व्हता.”

माझ्या हातात सकाळच्या बैठकीची वही होती. त्यांच्यासमोर मी लिहिलं, ‘भोईर: फुगलेल्या बॅटरीबद्दल शंका.’ वर नेहमीप्रमाणे तारीख होती. परत येताना इम्रान म्हणाला, “सर, लूम में बाने का धागा टूटता है तो मशीन अपने आप रुक जाती है. इधर कुछ भी टूटे, बेल्ट चलता रहता है.” मी त्याला पॅकिंगकडे पाठवलं.

तपासणी छान झाली. तक्त्यात आम्ही तळातून उठून वरून दुसऱ्या नंबरावर आलो. ती काच माझ्या केबिनच्या टेबलावर बसली आणि फार शोभून दिसली. मी तिच्याखाली सुट्ट्यांचं पत्रक सरकवून ठेवलं.

अकरा आठवड्यांनी सिन्नरहून तक्रार आली. सोनवणे नावाच्या गिऱ्हाइकाने नातीच्या अभ्यासासाठी आमच्याकडचा पुन्हा विकलेला टॅब घेतला होता. दुपारी तो गादीवर चार्जिंगला होता, शेजारी मुलगी झोपलेली. धूर निघाला. आजोबांनी धावत येऊन तो पेटता टॅब हाताने उचलला आणि खिडकीबाहेर भिरकावला. मुलीला काही झालं नाही. त्यांचा उजवा तळवा आणि दोन बोटं जळली.

टॅबच्या नंबरावरून पाच मिनिटांत सगळं निघालं. कोणत्या दिवशी तपासला, कोणत्या टेबलावर, कोणाच्या सहीने. ‘पास. कुंदा भोईर.’ दिवस तोच होता, मी काच उचलली तो.

अशा वेळी कारण शोधायची आमची एक रीत आहे. पाच वेळा ‘का?’ विचारायचं. आग का लागली? बॅटरी बिघडली होती. बिघडलेली बॅटरी बाहेर का गेली? तपासणीत पास झाली. पास का झाली? तपासणाऱ्या व्यक्तीने बाजूला काढली नाही. आता चौथा प्रश्न, तिने बाजूला का काढली नाही? त्याचं उत्तर मला माहीत होतं, आणि पाचव्याचंही. चौथ्यापुढे मी लिहिलं, ‘दुर्लक्ष. प्रशिक्षण देऊनही सूचना पाळली नाही.’ पाचव्यापुढे लिहिलं, ‘लागू नाही.’ प्रशिक्षणाच्या पुराव्यासाठी ताईंची सही असलेला कागद जोडला. त्याच्यावर तारीख होती. हे सगळं मी त्या काचेवरच कागद ठेवून लिहिलं. तेव्हा मला तसं काही वाटलं नाही, हे जास्त वाईट आहे.

बैठकीची वही कोणी मागितली नाही. मी दाखवली नाही.

ठेकेदाराच्या माणसाने ताईंना गेटवरच कार्ड जमा करायला लावलं. मी केबिनमधून बाहेर आलो नाही. नंतर इम्रानला विचारलं, “काही बोलल्या का?”

“बोली, साहब को पता है.” मग म्हणाला, “सर, मैं भी तो वहीं खड़ा था उस दिन. मगर मुझ से किसी ने पूछा ही नहीं.”

विचारलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं, हे मीही विचारलं नाही.

सोनवण्यांना भेटायला कंपनीने मला पाठवलं. मिठाई, नवा टॅब, माफीचं पत्र आणि सही घ्यायचा एक कागद, असं सगळं घेऊन गेलो. साठीपलीकडचे गृहस्थ. सायकल दुरुस्तीचं दुकान, तेव्हा बंद होतं. हाताला बँडेज. चहा त्यांनी डाव्या हाताने दिला.

“आम्ही पंक्चर काढतो,” ते म्हणाले, “तर ट्यूब आधी पाण्यात बुडवतो. बुडबुडा दिसला की कळतं. साधी रीत. तुमच्यात अशी काही रीत नाही का हो?”

“मशीन असतं आमच्याकडे.”

“मशीन असतं ते खरं. पण माणूस बघत नाही?”

“बघतात. एक बाई होत्या. त्यांच्याकडून चूक झाली. आम्ही त्यांना काढलं.”

मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्यांनी बँडेजचा हात वर केला. “काढलं कशाला? मी असतो तर तिलाच ठेवली असती. एकदा हात पोळला की माणूस जन्मभर बघून काम करतं. तिला परत घ्या साहेब. माझं नाव सांगा, म्हणावं म्हाताऱ्याची तक्रार नाही.”

“बघतो,” मी म्हणालो. त्यांनी डाव्या हाताने सही केली. ती वाकडी आली म्हणून तेच ओशाळले. वरिष्ठांना दिलेल्या अहवालात मी लिहिलं, ‘ग्राहक समाधानी.’

पुढे मला बढती मिळाली. वर्षभराने कंपनीने सगळ्या गोदामांत बॅटरीची जाडी मोजायचं साधन आणलं आणि यादीत नवं कारण आलं. त्या कार्यक्रमात रोहनने पडद्यावर माझा जुना मेल दाखवला. “कर्णिकजी ने सब से पहले कहा था.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून हात जोडले.

मला वाटलं होतं ताईंना दुसऱ्या गोदामात काम मिळालं असेल. वळपासून पुढे गोदामांना तोटा नाही. पण माणसं पुरवणाऱ्या ठेकेदारांची यादी सामाईक असते. ताईंच्या नावापुढे ‘पुन्हा घेऊ नये’ असा शेरा होता. हे मला इम्रानने सांगितलं, तो नोकरी सोडून वडिलांच्या जुन्या मालकाकडे लूमवर गेला त्या दिवशी. अजून एक गोष्ट त्याने सांगितली. गावात कोणाकडे मोबाइल चार्जिंगला लावला की ताईंची मोठी जाऊ, घरातली ‘मोठी वयनी’, हसून म्हणते, “कुंदाला हात लावू देऊ नका गं, पेटंल.” लग्नाकार्यातसुद्धा.

मी त्यानंतर सात महिन्यांनी राजीनामा दिला. त्यात शौर्य काही नव्हतं. सोमवारच्या बैठका सोसेनात, एवढंच. सामान आवरताना टेबलावरची काच उचलली. सुट्ट्यांचं पत्रक तिला चिकटून बसलं होतं, त्याचे तुकडे खरवडून काढले. बैठकीची वही कंपनीची होती, ती तिथेच राहिली. ते पान मी वाचून घेतलं, तारखेसकट.

एका रविवारी सकाळी वळला गेलो. ताई ओटीवर सुकट निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, पण सुनेला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. मी काच भिंतीला टेकवून ठेवली.

“ही तुमची.”

त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. “आता शोकेस पन न्हाय ती. ठेवा तिकडं.”

मी बोलायला लागलो. चूक माझी होती, मी लिहायला नको होतं तसं, मला माफ करा, असं बरंच काही. त्या सुकट निवडत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, “मना बोलून काय करता साहेब? मना ठाव हाय. गावाला न्हाय ठाव. लिवून द्या.”

लिहून आणलं होतं. तेवढी अक्कल वापरली होती. खिशातून कागद काढून दिला. ताईंना बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून सुनेने मोठ्याने वाचलं: ‘श्रीमती कुंदा भोईर यांनी फुगलेल्या बॅटरींबद्दल मला साक्षीदारासमोर स्पष्ट सांगितले होते. तरीही तो माल पास करण्याची तोंडी सूचना मी दिली. झालेल्या अपघातास त्या जबाबदार नाहीत. मी जबाबदार आहे.’ खाली माझं पूर्ण नाव आणि सही.

“बघू,” ताई म्हणाल्या. सुकटीचे हात पदराला पुसून त्यांनी कागद घेतला, उजेडाकडे धरला, उलटून मागची बाजू पाहिली.

“कवा सांगितला व्हता ते न्हाय लिवला.”

त्यांनी कागद पुन्हा सुलटा केला.

“तारीख कुठाय साहेब? तुमीच म्हनायचे ना, तारीख न्हाय तो कागद न्हाय.”

घरी तो कागद मी तीनदा खरडून चौथ्यांदा लिहिला होता. दर वेळी तारीख राहिली होती. ती चुकून राहिली नव्हती. त्या तारखेने सगळं सिद्ध होत होतं: टॅब पेटण्याआधी अकरा आठवडे मला माहीत होतं, आणि ज्या दिवशी सांगितलं गेलं त्याच दिवशी तो पास झाला. तारखेविना तो कागद म्हणजे पश्चात्ताप झालेल्या माणसाचं चांगलं पत्र होतं. तारीख घातली की ती कबुली होणार होती, कोणीही कुठेही दाखवावी अशी.

ताईंनी कागद माझ्यापुढे धरला. टेकायला काही नव्हतं. सुनेने भिंतीला टेकवलेली काच उचलून माझ्या मांडीवर ठेवली. मी पेन काढलं आणि त्या सकाळची तारीख घातली.

ताईंनी ती स्वतः वाचली, आकडे मोठे काढले होते. मग सुनेला म्हणाल्या, “याच्या धा कॉप्या काढून आन. आनि पयली मोठ्या वयनीला दे.”

मला चहा विचारला नाही. मीही थांबलो नाही.